ऑरेक्सिन : जागेपणाचे वजन आणि निद्रानाशाचे औषध

दवाखान्यात येणाऱ्या काही वृद्ध रुग्णांच्या चिठ्ठीवर काय असेल, हे ती उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी आणि सर्वांत खाली, रात्रीसाठी, अल्प्राझोलाम. ती प्रथम कोणी लिहून दिली हे रुग्णाला आठवत नाही. बंद केली की दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे चालू राहते. "डॉक्टर, बाकी काहीही बदला, पण झोपेच्या गोळीला हात लावू नका," ही विनवणी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. या गोळीहून निराळ्या मार्गाने झोप आणता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या पाव शतकात मिळाले. ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

बार्बिच्युरेट, बेंझोडायझेपाइन आणि झोल्पिडेम या तिन्ही पिढ्यांची औषधे 'गॅबा' या शामक चेताप्रेषकाच्या एकाच प्रकारच्या ग्राहींवर काम करतात. ग्राही उघडला की क्लोराइडचे आयन पेशीत शिरतात आणि ती पेशी मंदावते. अडचण अशी की हे ग्राही मेंदूत सर्वत्र आहेत. स्मृतीच्या केंद्रात आहेत, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतही आहेत. एका खोलीतला दिवा मालविण्यासाठी साऱ्या वाड्याचा फ्यूज काढावा, तसा हा प्रकार होय. मध्यरात्री लघवीला उठलेले आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात, त्याच्या मागे पुष्कळदा हा काढलेला फ्यूज असतो.

तो एकच दिवा कोठे आहे, याचा पहिला सुगावा व्हिएन्नामध्ये लागला. १९१६-१७ च्या सुमारास तेथे मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. बहुतेक रुग्ण दिवसरात्र झोपून राहत. थोडे मात्र अजिबात झोपू शकत नसत. कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो यांनी मृतांचे मेंदू तपासले. अतिनिद्रेच्या रुग्णांत हायपोथॅलॅमसचा मागील भाग व त्याला लागून असलेला मध्यमेंदू, तर निद्रानाशाच्या रुग्णांत हायपोथॅलॅमसचा पुढील भाग दुखावलेला आढळला. म्हणजे जागे ठेवणारे आणि झोपविणारे असे दोन पक्ष शेजारी शेजारी नांदत होते. केवळ सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी यांच्या बळावर काढलेला हा निष्कर्ष आजही टिकून आहे, याचे मला नेहमी नवल वाटते.

पुढचा दुवा १९९८ साली सापडला, आणि तोही दोन ठिकाणी एकदमच. कॅलिफोर्नियातील एका गटाने हायपोथॅलॅमसमध्ये नवी पेप्टाइडे शोधून त्यांना 'हायपोक्रेटिन' म्हटले. टेक्सासमध्ये साकुराई आणि यानागिसावा यांना तीच पेप्टाइडे मिळाली. ती मेंदूत टोचल्यावर उंदीर अधिक खाऊ लागले, म्हणून भुकेच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी 'ऑरेक्सिन' हे नाव ठेवले. एकाच अपत्याची अशी दोन बारशी झाली आणि दोन्ही नावे अजून चालतात.

भूक हे त्याचे मुख्य काम नव्हे, हे वर्षभरातच कळले. स्टॅनफर्ड येथे नार्कोलेप्सी या आनुवंशिक विकाराचे डोबरमन कुत्रे पाळलेले होते. आवडते खाणे पुढे ठेवताच आनंदाच्या भरात त्यांचे पाय गळून जात आणि ते जमिनीवर कोसळत. माणसातही नार्कोलेप्सीच्या रुग्णाला हसता हसता असेच होते. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. १९९९ मध्ये एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने दाखविले की या कुत्र्यांत ऑरेक्सिनच्या दुसऱ्या ग्राहीचे जनुक सदोष आहे. २००० साली नार्कोलेप्सीच्या मानवी रुग्णांचे मेंदू तपासता ऑरेक्सिन निर्माण करणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसल्या. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींच्या मेंदूत या पेशी लाखाच्याही आत, काही दहा हजारच आहेत. परंतु त्यांचे तंतू नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, हिस्टामिन, सेरोटोनिन आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या साऱ्या जागृतिकेंद्रांपर्यंत पोचतात.

निद्रा आणि जागृती यांची केंद्रे परस्परांना दाबून ठेवतात. एक वर गेले की दुसरे खाली. ऑरेक्सिन म्हणजे या तराजूत जागेपणाच्या पारड्यात ठेवलेले वजन. ते नसेल तर काटा क्षणाक्षणाला हेलकावे खातो, आणि हीच नार्कोलेप्सी. मग वजन थोडा वेळ उचलून घेतले तर? निद्रानाशाच्या रुग्णाची जाग रात्री शमविता येईल, हा विचार येथून निघाला.

स्वित्झर्लंडमधील अ‍ॅक्टेलियन कंपनीच्या अल्मोरेक्झंट या प्रायोगिक औषधाने ऑरेक्सिनचे दोन्ही ग्राही अडविले. २००७ मध्ये उंदीर, कुत्रे आणि निरोगी माणसे यांना त्याने झोप येते असे प्रसिद्ध झाले. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरील प्रयोग. पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला फलाट शोधण्याच्या कसोटीत झोल्पिडेम दिलेले उंदीर गोंधळले. अल्मोरेक्झंट दिलेल्यांची स्मृती औषध न दिलेल्यांसारखीच राहिली. जागेपणाचे वजन उचलले होते, वाड्याचा फ्यूज काढलेला नव्हता.

अल्मोरेक्झंट मात्र बाजारात आले नाही. मानवी चाचण्यांतील अनिष्ट परिणाम पाहून २०११ मध्ये त्याचे काम थांबविण्यात आले. त्याच वाटेने अमेरिकेत २०१४ मध्ये सुव्होरेक्झंट, २०१९ मध्ये लेम्बोरेक्झंट आणि २०२२ मध्ये डॅरिडोरेक्झंट यांना परवानगी मिळाली. सुव्होरेक्झंटच्या निर्मात्यांनी मोठ्या मात्रेची मागणी केली होती. दुसऱ्या दिवशी वाहन चालविताना येणाऱ्या गुंगीच्या भीतीने नियामकांनी १० मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ठरविली.

ही औषधे चमत्कार नव्हेत. त्यांचा लाभ माफक आहे. काही रुग्णांना झोपेच्या उंबरठ्यावर हातपाय हलविता येत नाहीत किंवा भास होतात. जणू नार्कोलेप्सीचा एक कवडसा. प्रत्यक्ष नार्कोलेप्सीच्या रुग्णाला ती देऊ नयेत. गोळी घेताना पुढे किमान सात तासांची झोप शक्य असावी. भरपेट जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा सुरू होतो, हे रात्री दहाला पानावर बसणाऱ्या आपल्या घरांत मुद्दाम सांगावे लागेल. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनॅझोल चालू असताना ही औषधे टाळावीत, कारण यकृतातील ज्या एन्झाइमाने त्यांचा निचरा होतो तेच अडते. मद्यासोबत तर ती घेऊच नयेत.

सर्वांत मोठा धोका अदलाबदलीचा आहे. जुनी अल्प्राझोलाम एका रात्रीत बंद करून तिच्या जागी नवी गोळी सुरू केली, तर गॅबाच्या ग्राहींना लागलेली सवय तशीच उरते. ऑरेक्सिन अडविल्याने ती भरून निघत नाही. अस्वस्थता, थरथर आणि क्वचित आकडीही येऊ शकते. जुनी गोळी आठवड्यांच्या, प्रसंगी महिन्यांच्या हिशेबाने, थोडी थोडी करूनच उतरवावी लागते. त्याआधी रुग्ण घोरतो काय, लघवीची गोळी सायंकाळी घेतो काय, दुपारी दोन तास झोपतो काय, हेही विचारावे. माझ्या अनुभवात या तीन प्रश्नांनंतर नव्या औषधाची गरज पुष्कळांना उरत नाही.