ऊस वाहतूक : गाडी कुणाची आणि जबाबदारी कुणाची ?



गव्हाणीत मोळी पडली की पुढचे काही महिने आपल्या भागातील रस्त्यांचे रूपच पालटते. ट्रक, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, अंगद, बैलगाड्या यांची रांग फडापासून गाडीतळापर्यंत लागते. लागण, खत, पाणी, खोडवा यांविषयी आपण नेहमीच बोलतो. फडापासून काट्यापर्यंतच्या वाटेविषयी मात्र फारसे बोलत नाही. ऊस काट्यावर आला म्हणजे झालं, अशी आपली समजूत. पण त्याच वाटेवर माणसे जातात, आणि त्यात बहुतेक वेळा आपल्याच पंचक्रोशीतली असतात.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ऊस घालणारा म्हणतो, "गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा, आपला काय संबंध ?" ट्रॅक्टरवाला म्हणतो, "विमा उतरलाय की, कंपनी बघून घेईल." ही दोन्ही वाक्ये अर्धीच खरी आहेत. उरलेला अर्धा भाग माहीत नसल्यामुळे एकाचे घर उघडे पडते आणि दुसऱ्याच्या सातबारावर बोजा चढतो. म्हणून यंदाच्या पाठासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

१. अंधारातली ट्रॉली

टायर फुटला किंवा पिन तुटली म्हणून भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर वाड्याखाली झाकलेला. ड्रायव्हर मागे एक दगड लावून जॅक आणायला जातो. तेवढ्यात मोटारसायकल येते. दूध घालून परतणारा असेल, नाहीतर रात्रीच्या लाइटीवर पाण्याची पाळी धरायला निघालेला असेल.

त्याच्या डोळ्यांनी हा हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे उमजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच संपले. ब्रेक लागल्यावर थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी २५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटर. उजेड खाली केलेला असेल, तर दिवा नसलेली काळी ट्रॉली साधारण ३० ते ४० मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. समोरून दुसऱ्या वाहनाचा प्रकाश डोळ्यांवर आला, तर तेवढीही दिसत नाही. म्हणजे तो शुद्धीवर असो, सावध असो, गाडी थांबणारच नाही. "दारू प्यायला असंल" असे म्हणण्यापूर्वी हा हिशेब आठवावा.

मागे लाल परावर्तक पट्टी स्वच्छ असेल, तर ती शंभर-दीडशे मीटरवरूनच चमकते. जीव वाचवणारी ही वस्तू एका खेपेच्या डिझेलपेक्षा स्वस्त आहे. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, हा क्रम लक्षात ठेवावा. बैलगाडीलाही मागे लाल पट्टी लावावी. बैलगाडी मोटार वाहन नाही, पण अंधार तिला ओळखत नाही.

२. जादा टन आणि ब्रेक

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. त्यामुळे "अजून चार मोळ्या टाका" हा मोह सर्वांनाच होतो : ड्रायव्हरला, मालकाला, आणि फड एकदाचा मोकळा व्हावा म्हणून शेतकऱ्यालाही. पण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरच्या ब्रेकवर सगळे ओझे थांबवायचे. उतारावर मागची ट्रॉली पुढचीला ढकलते, पुढची ट्रॅक्टरला ढकलते आणि ट्रॅक्टर रस्त्यात आडवा होतो. चढावर उलटा प्रकार होतो. हुकावर भार येऊन ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, आणि स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून मोठ्या आवाजात गाणी लावून ट्रॅक्टर पळवणाऱ्या पोराला कौतुकाने हात दाखवू नये. त्याला उतरवून समज द्यावी.

जादा वजनाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. चार टन जादा भरले तर २८,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही आणि उतरवायचा खर्चही आपलाच. बाजूने, मागे किंवा उंचीला माल मर्यादेबाहेर गेला तर त्याचा २०,००० रुपये दंड वेगळा. चार टनांच्या वाहतुकीचे पैसे किती होतात, हे ज्याने त्याने मनाशी मांडून पाहावे.

आणखी एक गोष्ट. आपल्याच कारखान्याचा काटा प्रत्येक खेपेचे वजन, तारीख आणि वेळ नोंदतो. नोंदणी पुस्तकातील वजन आणि काट्याची पावती शेजारी ठेवली की जादा भार कोर्टात सिद्ध करायला दुसरा साक्षीदार लागत नाही. "आम्हाला काय माहीत ?" हे ना मालकाला म्हणता येईल, ना कारखान्याला.

३. कायदा कुणाकुणाला धरतो ?

ड्रायव्हर : हयगयीने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या दंड संहितेत हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती.

मालक : भरपाईचा भार मुख्यतः मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर येतो. मालक म्हणजे नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तो. ट्रॅक्टर म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असे घरोघरी आहे. नोटीस येते ती वडिलांना. जुना ट्रॅक्टर विकला, पैसे घेतले, कागद मात्र "नंतर करू" म्हणून राहिले, असेही पुष्कळांचे आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की नोंदणीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जुनाच मालक जबाबदार. गाडी त्याच राज्यात विकली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कायदा सांगतो.

चालवायला लावणारा : कलम १९४ चे शब्द नीट वाचावेत. जादा भार घेऊन जो गाडी चालवतो, जो चालवायला लावतो किंवा जो चालवू देतो, ते सर्व त्यात येतात. ड्रायव्हर पगारी असेल, तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच हे झाले असे न्यायालयाला गृहीत धरता येते.

गाडी भाड्याने घेणारा : राजस्थानात एस. टी. महामंडळाने खासगी मालकाची बस भाड्याने घेतली होती. ड्रायव्हर मालकाचा होता, पण बस चालत होती महामंडळाच्या हुकमाने. अपघातानंतर महामंडळाने हात झटकले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. ज्याच्या ताब्यात आणि हुकमात गाडी होती, त्याच्यावरही जबाबदारी टाकली. ऊस वाहतुकीत प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही, ते करारावर आणि प्रत्यक्ष ताब्यावर ठरेल. पण कारखान्याने आणि वाहतूक संस्थेने "गाडी ठेकेदाराची" म्हणून निवांत बसू नये, एवढा बोध त्यातून घ्यावाच लागेल.

४. विमा कधी पाठ फिरवतो ?

त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे, पण तो अटींवर चालतो. अडचण येते ती पुढील ठिकाणी.

अ) पॉलिसीत वापर "फक्त शेतीकामासाठी" असा लिहिलेला आणि ट्रॅक्टर मात्र भाड्याच्या वाहतुकीला लावलेला.

आ) ट्रॅक्टरचा विमा आहे, ट्रॉलीचा नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि तिचा विमाही बघावा लागतो.

इ) मडगार्डवर, हुकावर किंवा मोळ्यांवर बसलेला माणूस. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशिवाय कुणाची जागा धरलेली नसते. २००७ सालच्या एका खटल्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसलेला मजूर जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा शेतीसाठी होता आणि ट्रॉलीचा विमाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले नाही. त्या गरिबाचे हाल होऊ नयेत म्हणून आपल्या खास अधिकारात कंपनीला आधी पैसे देण्यास आणि मग ते मालकाकडून वसूल करण्यास सांगितले. तोडणीला घरदार सोडून आलेल्या मजुरांना, त्यांच्या लेकरांना मोळ्यांवर बसवून नेताना हे आठवावे.

ई) ड्रायव्हरकडे योग्य परवाना नाही. अशा वेळीही कंपनी आधी भरते आणि मालकाकडून वसूल करते. मात्र मालकाने परवाना तपासण्यात हयगय केली, हे कंपनीला सिद्ध करावे लागते, असे २००४ च्या निकालात म्हटले आहे. म्हणून परवाना स्वतः पाहून त्याची नक्कल घरी ठेवावी.

५. हिशेब मांडून पाहू

समजा, ३० वर्षांचा तरुण अपघातात गेला. मिळकत महिना १५,००० रुपये. मागे बायको, दोन मुले आणि आई. न्यायालयांच्या ठरलेल्या रीतीप्रमाणे पुढील वाढीचे ४० टक्के धरून २१,००० रुपये होतात. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १५,७५० राहतात. वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक १७. म्हणजे ३२,१३,००० रुपये, शिवाय इतर किरकोळ बाबी आणि व्याज.

विमा लागू झाला नाही तर हे पैसे मालकाने द्यायचे. हंगाम २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये दर केंद्राने ठरवला होता. तोडणी-वाहतूक वजा न करताही ही रक्कम ९०० टनांहून जास्त उसाची होते. एकरी ४० टन धरले तर जवळजवळ २३ एकरांचे पीक. आणि न भरल्यास कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

पण दुसऱ्या बाजूनेही पाहावे. त्या विधवेला हे पैसे मिळाले तरी त्या घराचा कर्ता परत येत नाही.

६. अपघात झालाच तर

ड्रायव्हरने पळून जाऊ नये. जमाव अंगावर येण्याची भीती असेल तर थेट पोलीस ठाणे गाठावे. जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे कायद्याने त्याचे काम आहे. १०८ किंवा ११२ ला फोन करावा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्याने कचरू नये. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत जखमीवर ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता होतात.

मृताच्या वारसांनी किंवा जखमीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करावा, अशी मुदत कायद्यात आहे. आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडेही अर्ज चालतो. महिलांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, मिळकतीची अट नाही. "मिटवून टाकू" म्हणून चावडीवर कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

७. फडातून गाडी हलण्यापूर्वी

१) मागची लाल पट्टी आणि दिवा पुसून घेतला का ? वाडे लोंबत नाही ना ?
२) पिन, साखळी, दोर आणि टायर पाहिले का ?
३) भरणी नोंदणी पुस्तकातल्या वजनात आहे का ?
४) ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींचे कागद व विमा चालू आहेत का ? वापर काय लिहिला आहे ?
५) ड्रायव्हरचा परवाना पाहिला का ? तो किती तास जागा आहे ?
६) मोळ्यांवर, मडगार्डवर कुणी बसलेले नाही ना ?
७) बंद पडल्यास मागे ठेवायला परावर्तक त्रिकोण आहे का ? रस्त्यात लावलेला दगड गाडी निघताना उचलायचा आहे, हे सांगितले का ?

पहिले सहा प्रश्न ज्याच्या फडात गाडी भरते तो शेतकरीही विचारू शकतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून जातो, म्हणजे विचारण्याचा हक्क त्याचा आहेच. उत्तर बरोबर येईपर्यंत गाडी बांधावरच थांबू द्यावी. एक खेप उशिरा गेली तर उसाचे थोडे वजन घटेल. तेवढी घट सोसण्यासारखी आहे.