हवेचा हिशेब

चि. माधव यास,

आकडेवारी पुरवली की संगणक स्वतःच जग शिकतो, मग पदार्थविज्ञानाच्या समीकरणांत वर्षे घालवण्याचे प्रयोजन काय, असा जो प्रश्न तू पत्रात केला आहेस, त्यात तुझ्या पिढीची घाई असली तरी तो पोरकट खचित नाही. म्हणून हवामानशास्त्रातला एक दाखला तपशीलवार कळवतो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका हाकणाऱ्या लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज क्वेकर गृहस्थाने, 20 मे 1910 या दिवसाच्या नोंदी पुढ्यात घेऊन, म्युनिकजवळच्या वायुभारात सहा तासांत पडणारा फरक गतिशास्त्राच्या समीकरणांवरून हातांनी काढला. उत्तर आले, 145 मिलिबारांची वाढ; प्रत्यक्षात वायुभार जवळजवळ स्थिर होता! ही फजिती त्याने 1922 साली आपल्या ग्रंथात साद्यंत छापली, हे धैर्य मला त्याच्या गणिताहूनही थोर वाटते. पुढे निष्पन्न झाले ते असे की, दोष समीकरणांचा नव्हता, आरंभीच्या नोंदींत वारा आणि वायुभार यांचा परस्परांशी मेळ नव्हता, आणि तो साधून घेताच तीच समीकरणे समंजस उत्तर देऊ लागली. हाच हिशेब मग यंत्रांकडे गेला: 1950 साली एनिअ‍ॅक या आरंभीच्या संगणकाला चोवीस तासांच्या अंदाजासाठी जवळजवळ चोवीसच तास लागले.

आता 2023 सालच्या ग्राफकास्ट या, आकडेवारीवरून शिकणाऱ्या हवामान-अंदाजयंत्राकडे पाहा. हवेच्या गतीचे एकही समीकरण त्याला सांगितलेले नाही, तरी दहा दिवसांचा अंदाज ते मिनिटभराच्या आत देते आणि पुष्कळ कसोट्यांवर जुन्या पद्धतीस मागे टाकते, हे निर्विवाद आहे. परंतु 1979 ते 2017 या काळातले जे दप्तर वाचून ते शिकले, ते निव्वळ मोजमापांचे नव्हे: महासागरांवर, ध्रुवप्रदेशांत, उंच आकाशात, जिथे मोजमापे विरळ होती, तिथले रिकामे रकाने युरोपीय हवामानकेंद्राने याच समीकरणांच्या आधारे भरलेले आहेत. गुरूचे नावही न घेता गुरूचीच वही मुखोद्गत करणाऱ्या शिष्यासारखा हा प्रकार आहे. शिवाय अंदाज सुरू करताना आजच्या हवेची जी आरंभस्थिती त्याला लागते, तीही त्याच गुरुगृहातून येते.

तेव्हा नवे यंत्र अवश्य शीक, त्यास माझी हरकत नाही. मात्र त्याचे उत्तर हाती आल्यावर हवेचे वस्तुमान कायम राहिले काय आणि वारा वायुभाराशी जुळतो काय, एवढे स्वतः कागदावर पडताळून पाहण्याइतके गणित त्याआधी अंगी बाणवून घे.

तुझा,
मामा