लेसर शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांचा कोरडेपणा : कारणे व काळजी



चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांतील श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. कोणी नोकरीसाठी, कोणी लग्नासाठी, तर कोणी चष्म्याच्या कंटाळ्यापोटी ती करून घेतो. चष्मा गेल्याचा आनंद सर्वांना दिसतो. त्यानंतरच्या काही महिन्यांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. त्या महिन्यांची माहिती करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या पुतणीचेच उदाहरण घ्या. नंबर उणे साडेपाच. चष्म्याचे कारण सांगून दोन स्थळे परत गेली, तेव्हा थोरल्या भावाने भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तिने तक्त्यावरील बारीक अक्षरे वाचून दाखवली. घरात पेढे वाटले गेले. पण तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, संध्याकाळी आग होऊ लागली. घरचे म्हणत, "आता स्पष्ट दिसतंय ना? मग कसली तक्रार?" एवढा खर्च झालेला, पोरीने पुढे बोलणेच सोडले. तिची तक्रार खोटी नव्हती. ती का नव्हती, हे समजून घेऊ.

अश्रूंचे कार्य

अश्रू केवळ रडण्यासाठी नसतात. डोळ्याच्या पुढील भागावर त्यांचा एक अतिपातळ थर सतत पसरलेला असतो. आतील बाजूस चिकट द्रव, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ थर, अशी त्याची रचना सोपेपणाने सांगता येते. तेलामुळे पाणी लवकर उडून जात नाही. आपण पापणी मिटतो तेव्हा हा थर नव्याने पसरतो. वाचताना व पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून कोरडेपणा वाढतो.

शस्त्रक्रियेत काय घडते?

बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. त्याची मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. परंतु शरीरातील अत्यंत संवेदनशील अशा भागांत त्याची गणना होते. १९९०च्या सुमारास ग्रीसमधील डॉ. योआनिस पालिकारिस यांनी विकसित केलेल्या लॅसिक पद्धतीत या पडद्याचा वरचा पापुद्रा कापून बाजूस उलटतात, लेसरने आतील भागाला हवा तसा आकार देतात व पापुद्रा पुन्हा बसवतात.

पापुद्रा कापताना तेथील सूक्ष्म मज्जातंतूही कापले जातात. डोळा कोरडा पडत असल्याची वर्दी मेंदूला देणे, हे याच तंतूंचे काम. वर्दी कमी पोहोचली की अश्रू कमी येतात, पापण्याही कमी मिटतात. पुढे तंतू हळूहळू वाढू लागतात. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात बराच कमी होतो; थोड्या लोकांत तो अधिक काळ टिकतो. क्वचित तंतू नीट न जुळल्याने, डोळा वरून निरोगी दिसत असूनही वेदना राहते. तिच्यावर वेगळे उपचार लागतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आधी कोरडेपणाची लक्षणे नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांनी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी ती असल्याचे सांगितले. त्याच अभ्यासात बहुसंख्य लोक आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते. स्पष्ट दिसणे आणि डोळा दुखणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

लक्षणे

खुपणे, आग, लाली, उजेड सहन न होणे, दिसणे मध्येच धूसर होऊन पापणी मिटल्यावर स्वच्छ होणे, ही प्रमुख लक्षणे होत. कित्येकांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते. कोरड्या डोळ्याची चुरचुर झाली की पाणी एकदम सुटते, पण ते टिकत नाही. म्हणून पाणी येते यावरून डोळा कोरडा नाही, असे समजू नये.

काळजी

१) शस्त्रक्रियेपूर्वी कोरडेपणाची तपासणी मागून घ्यावी. पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती ओली होते, हे पाहणारी शिर्मर चाचणी साधी आहे. आधीच डोळे कोरडे असतील, संधिवात असेल वा मुरुमांसाठी गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे.

२) नोकरीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी त्या पदाचे वैद्यकीय नियम आधी वाचावेत. काही पदांसाठी अशी शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो.

३) कृत्रिम अश्रूंचे थेंब सांगितल्याप्रमाणे नियमित घालावेत. वरचेवर घालायचे असतील तर टिकाऊ रसायन नसलेले थेंब मागावेत.

४) दुकानातून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत. त्यांच्या दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. गुलाबपाणी, मध डोळ्यांत घालू नये.

५) डोळे चोळू नयेत. अभ्यास करताना दर वीस मिनिटांनी दूर पाहावे, पापण्या पूर्ण मिटाव्यात. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये.

६) तीव्र वेदना, पू किंवा नजर अचानक कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

पुतणीने सातव्या आठवड्यात डॉक्टरांना सारे सांगितले. थेंब बदलले, पापण्यांना शेक सुरू झाला. वर्षअखेर त्रास बराच उतरला. आजही वाचताना ती थेंबांची बाटली जवळ ठेवते. ते आठवडे तिला मुकाट्याने काढावे लागले, याची खंत मात्र आम्हा मोठ्यांना आहे. आपल्या घरातील मूल डोळा दुखतो म्हणाले, तर खर्चाचा हिशेब मांडण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.