शिसपेन्सिलीने टिपलेले आल्प्स

इ. स. १८०२ च्या जुलै महिन्यात एक सत्तावीस वर्षांचा इंग्रज चित्रकार समुद्र ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. त्याचे नाव टर्नर. लंडनमधील एका न्हाव्याचा हा मुलगा त्याच वर्षी तेथील रॉयल अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला होता. इंग्लंड व फ्रान्स यांचे दीर्घकाळ चाललेले युद्ध मार्चमधील तहाने थांबले होते. परंतु ही शांतता किती दिवस टिकेल, हे कोणीच सांगू शकत नव्हते. एवढ्या अवधीत टर्नरला आल्प्स पर्वत डोळे भरून पाहावयाचा होता.

शामोनीची हिमनदी, सेंट बर्नार्डची बिकट खिंड, सेंट गॉटहार्डच्या घाटात खोल दरीवर उभा असलेला 'सैतानाचा पूल', अशी एकेक स्थळे तो पाहत चालला. शिसपेन्सिल आणि खडू यांनी तो कड्यांच्या कडा, दरडींचे उतार व पाण्याचे ओघ वहीत टिपून घेई. परत येईपर्यंत त्याच्याजवळ ४०० हून अधिक रेखाटने जमली.

त्याने जागेवरच रंगीत चित्रे का काढली नाहीत? याचे उत्तर पुढे १८१९ साली नेपल्स येथे त्यानेच दिले. एक रंगीत चित्र होईतो पेन्सिलीने पंधरा-सोळा रेखाटने होतात, असे त्याचे म्हणणे होते. आकार कागदावर उतरवावा आणि रंग स्मरणात साठवावेत, ही त्याची रीत होती.

मे १८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. टर्नरला १८१७ पर्यंत युरोपच्या भूमीवर पाऊल ठेवता आले नाही. आता त्या वह्या हाच त्याचा आल्प्स होता! त्यांच्याच आधाराने त्याने सेंट गॉटहार्डच्या घाटाची भव्य चित्रे रंगविली. १८१० साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात त्याने एक भयंकर वादळ पाहिले व हाती असलेल्या पत्राच्या पाठीवर ते टिपले, असे सांगतात. तेच वादळ आल्प्सच्या शिखरांवर आणून, त्याखाली हॅनिबलचे सैन्य चिरडत असल्याचे विख्यात चित्र त्याने १८१२ मध्ये प्रदर्शित केले.

१८५१ साली टर्नर निवर्तला. त्याच्या सुमारे ३०० चित्रवह्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. आज त्या लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. त्यांतील पुसट रेषा प्रथमदर्शनी सामान्य वाटतात. पण पर्वताची वाट बंद झाली, तेव्हा त्याच रेषांनी चित्रकाराला पुन्हा शिखरावर नेले.