आतड्याची शस्त्रक्रिया : दुर्बिणीने की पोट उघडून?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हा आजही मुख्य उपचार होय. ती पोट उघडून करता येते, तशीच दुर्बिणीच्या साह्यानेही करता येते. भोपाळसारख्या शहरात दोन्ही पद्धती परिचित झाल्या आहेत. बैतूल-मुलताईकडील मराठी भाषिक कुटुंब रुग्णास घेऊन शहरात येते, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : दुर्बिणीची शस्त्रक्रिया अधिक चांगली असेल, तर तिच्यासाठी कर्ज काढावे काय? शेत गहाण ठेवावे काय? या प्रश्नाचा विचार भावनेने नव्हे, तर उपलब्ध माहितीच्या आधारे झाला पाहिजे.

दोन पद्धती

पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेत पोटावर एक लांब छेद घेतात, आतड्याचा रोगग्रस्त भाग काढतात आणि उरलेली टोके जोडतात. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत घालतात. कापलेला भाग बाहेर काढण्यापुरता छोटा छेद मात्र घ्यावाच लागतो. आपल्या देशात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये पोटाच्या तपासणीसाठी दुर्बिणीचा वापर सुरू केला, आणि १९९० मध्ये तिच्या साह्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. आतड्याच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत त्यानंतर रूढ झाली.

रोग बरा होण्याच्या दृष्टीने

अमेरिकेतील ४८ संस्थांत ८७२ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के होते; म्हणजे दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. रुग्णालयातील मुक्काम अनुक्रमे ५ व ६ दिवसांचा होता. ज्याचे पोट उघडले तो कमी बरा झाला, ही समजूत निराधार आहे.

खर्च

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागतो आणि एकदाच वापरावयाची काही साधने महाग असतात. म्हणून शस्त्रक्रियागृहातील खर्च वाढतो. ब्रिटनमधील अभ्यासाचा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक रुग्णामागे सरासरी खर्च पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेस ६,६३१ पौंड, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस ६,८९९ पौंड आला. स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात आरोग्यसेवेचा खर्च दुर्बिणीच्या गटात अधिक आढळला. परंतु बुडालेल्या कामासह समाजाचा एकूण खर्च पाहता निश्चित म्हणावा असा फरक उरला नाही.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येणार नाहीत. तथापि हिशेबाची रीत घेण्यासारखी आहे. रुग्णालयाचे देयक म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. रुग्णाची बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, प्रवास, जेवण व राहणे हेही त्यात धरावे. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत दोन आठवडे लवकर उभे राहता आले, तर शेतकऱ्यास त्याचे मोल मोठे असते.

जीवनमान

शस्त्रक्रियेनंतर वेदना, झोप, चालणे-फिरणे व नित्याची कामे यांवरून जीवनमान ठरवितात. वरील अमेरिकी अभ्यासातील ४४९ रुग्णांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुर्बिणीच्या गटास वेदनाशामक औषधे काहीशी कमी लागली आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आपल्या एकंदर प्रकृतीस थोडे अधिक गुण दिले. दोन महिन्यांनी मात्र फरक राहिला नाही. लाभ खरा आहे, पण तो मुख्यतः आरंभीच्या आठवड्यांपुरता आहे.

निर्णय कसा घ्यावा?

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात :

१. या रुग्णास दोन्ही पद्धती योग्य आहेत काय? आतडे बंद होऊन पोट फुगले असल्यास किंवा पूर्वी अनेक शस्त्रक्रिया झाल्या असल्यास बहुधा पोट उघडणेच हितावह ठरते.

२. शस्त्रक्रिया करणाऱ्यास या पद्धतीचा सराव किती आहे? ब्रिटनच्या अभ्यासात दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पुरी करण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी ३८ टक्के होते. सहाव्या वर्षी ते १६ टक्क्यांवर आले. असा बदल रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी केला जातो. ते अपयश मानू नये.

३. शासकीय योजनेतून कोणता खर्च मिळेल? २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात. बुडालेली मजुरी मात्र योजना भरून देत नाही; तिची तरतूद कुटुंबाने आधीच करावी.

कुशल हात व साधने उपलब्ध असतील आणि खर्च झेपत असेल, तर दुर्बिणीची पद्धत अवश्य स्वीकारावी. परंतु तिच्यासाठी पैसे जमेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलणे धोक्याचे आहे. थांबलेल्या काळात रोग थांबत नाही. आतडे बंद पडल्यास तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते आणि तीत जिवाचा धोका व खर्च दोन्ही वाढतात.

शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत कायमचा बदल होणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रक्तक्षय होणे, ही लक्षणे मूळव्याध समजून अंगावर काढू नयेत. शिक्षक, आशा कार्यकर्त्या व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी अशा व्यक्तीस वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. छेद लहान की मोठा, यापेक्षा तो वेळेवर घेतला गेला की नाही, याला अधिक महत्त्व आहे.