भागाकारातील चूक

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग नावाचे शहर आहे. तेथील महाविद्यालयात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक होते. ३ व ५, ११ व १३, १७ व १९ अशा ज्या मूळ संख्यांत केवळ दोनाचे अंतर असते, त्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. अशा संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत जाण्याचे काम नाइसली यांनी अंगावर घेतले होते. जोड्या कितीही घेतल्या तरी ही बेरीज एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही, हे नॉर्वेचे गणिती व्हिग्गो ब्रुन यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले होते. ती मर्यादा जितकी सूक्ष्मपणे काढता येईल तितकी काढावयाची, एवढाच नाइसली यांचा उद्देश होता.

या कामासाठी त्यांच्याजवळ काही संगणक होते. मार्च १९९४ मध्ये त्यांत इंटेल कंपनीचा पेंटियम प्रोसेसर बसविलेला एक नवा संगणक आला. प्रोसेसर म्हणजे संगणकातील सर्व आकडेमोड करणारा भाग. जून महिन्यात उत्तरांचा मेळ बसेनासा झाला.

नव्या यंत्रावर खापर फोडून मोकळे होणे सोपे होते. परंतु ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ असे म्हणण्यापूर्वी नाइसली यांनी प्रथम आपलेच पाऊल तपासले. आपण लिहिलेल्या प्रोग्राममध्ये काही चुकले आहे काय, हे त्यांनी पाहिले. त्यानंतर त्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीची आणि संगणकातील इतर भागांची पाळी आली. एकेक संशय दूर होत गेला. शेवटी ८२४६३३७०२४४१ या एकाच संख्येच्या व्यस्तापाशी ते येऊन थांबले. जुन्या ४८६ प्रोसेसरवर तिचे उत्तर बरोबर येई. पेंटियमवर सुरुवातीचे अंक बरोबर येत आणि पुढचे चुकत. पेंटियममधील अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग बंद केला की चूक नाहीशी होई. दुसऱ्या पेंटियम संगणकांवर मात्र तीच चूक पुन्हा दिसली. या शोधात चार महिने गेले. अंगण खरोखरीच वाकडे होते!

चुकीचे मूळ समजावयास कठीण नाही. कागदावर भागाकार करताना भाजक किती वेळा जाईल, याचा अंदाज आपण पाढ्यांवरून करतो. पेंटियममध्येही असाच एक तक्ता कोरलेला होता. त्यात भरावयाच्या १०६६ घरांपैकी पाच घरे चुकून रिकामी राहिली. तेथे दोन हा अंक मिळावयाचा, त्याऐवजी शून्य मिळे. पाढ्यातील एखादी ओळ विसरलेल्या मुलासारखीच ही गत. ती ओळ लागेपर्यंत सारे सुरळीत चाले. उदाहरणार्थ, ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागून आलेल्या भागाकारास पुन्हा त्याच भाजकाने गुणावे आणि गुणाकार मूळ संख्येतून वजा करावा, म्हणजे शून्य उरले पाहिजे. सदोष पेंटियमवर २५६ उरत.

२४ ऑक्टोबर रोजी नाइसली यांनी कंपनीस कळविले. समाधानकारक उत्तर न आल्याने ३० तारखेस त्यांनी काही जाणकारांना संगणकीय टपालाने पत्र पाठविले, आणि बातमी सर्वत्र पसरली. हा दोष कंपनीस काही महिने आधीच ठाऊक झाला होता, हेही उघड झाले. तिचे म्हणणे असे, की नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकतो; सामान्य मनुष्यास अशी चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल; म्हणून ज्यास सूक्ष्म गणिताची खरोखर गरज आहे, त्यालाच प्रोसेसर बदलून मिळेल.

हिशेब कदाचित खोटा नसेल, पण ग्राहकास तो पटला नाही. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूची आपल्याला गरज आहे, हे त्याने दुकानदारापुढे का सिद्ध करावे? १२ डिसेंबर रोजी आय.बी.एम. कंपनीने पेंटियम बसविलेल्या आपल्या संगणकांची रवानगी थांबविली. तिच्या मते अशी चूक चोवीस दिवसांतून एकदा घडू शकत होती. अर्थात आय.बी.एम. स्वतःही दुसऱ्या जातीचे प्रोसेसर तयार करीत असे, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

अखेर २० डिसेंबर रोजी इंटेलने क्षमा मागितली आणि मागेल त्यास, कारण न विचारता, नवा प्रोसेसर विनामूल्य देण्याचे जाहीर केले. यासाठी कंपनीस ४७ कोटी ५० लाख डॉलरची तोशीस सोसावी लागली. गंमत अशी, की हक्क मिळाल्यावर पुष्कळशा घरगुती ग्राहकांनी प्रोसेसर बदलून घेतलाच नाही.

नाइसली यांनी आपली बेरीज पुढे चालू ठेवली. एकावर चौदा शून्ये एवढ्या संख्येपर्यंतच्या जोडमूळ संख्यांची त्यांनी केलेली गणना १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.