आपले विश्व आलेखाच्या कागदावर आहे काय?

सूर्य, तारे, तुमची शाळा आणि हा लेख वाचणारे तुम्ही स्वतः, हे सारे एखाद्या प्रचंड संगणकात चाललेले गणित असेल काय? प्रश्न चमत्कारिक आहे खरा. पण तो विचारणारी माणसे विक्षिप्त नव्हेत. १९४१ साली आज्ञावलीवर चालणारा संगणक बांधणारे जर्मन अभियंते कोनराड झूस यांनीच १९६९ साली अशी कल्पना मांडली की, विश्व ही मुळात एक आकडेमोड असावी. २००३ साली ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रम यांनी याच वळणाचा एक युक्तिवाद केला. त्यांच्या मते तीन गोष्टींपैकी एक तरी खरी असलीच पाहिजे. एक तर आपल्यासारखे समाज तेवढे मोठे संगणक बांधण्याआधीच नष्ट होत असतील. किंवा बांधले तरी त्यांत आपल्या पूर्वजांचे जग उभे करण्याची त्यांना हौस नसेल. किंवा अशी जगे इतकी उभी राहिली असतील की, आपणही त्यांपैकीच एकात असण्याचा संभव फार मोठा. तिसरी गोष्ट सिद्ध झाली असे बॉस्ट्रम म्हणत नाहीत. ऐकणारे मात्र तेवढीच उचलतात!

जग हा भास आहे काय, ही चर्चा आपल्याकडे मायावादाच्या निमित्ताने फार जुनी आहे. ती येथे नको. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी वेगळेच विचारतो: तसे असेल, तर आत बसून ते ओळखायचे कसे?

प्रोटॉनच्या आतील क्वार्कांचे गणित आपण संगणकावर कसे करतो ते पाहा. सलग अवकाशात बिंदू अनंत असतात आणि अनंत आकडे कोणत्याच यंत्रात मावत नाहीत. म्हणून केनेथ विल्सन यांनी १९७४ साली दाखविलेल्या मार्गाने अवकाशाची जाळी करतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे ठिपके मांडायचे आणि आकडे फक्त त्या ठिपक्यांशी व त्यांना जोडणाऱ्या रेषांशी बांधायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या पद्धतीवर काम झाले आहे. आपल्या जगाच्या कर्त्यानेही हीच युक्ती वापरली असेल तर?

आता आलेखाचा कागद घ्या. त्यावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. त्याचा कर्ण सुमारे १४.१ सेंटिमीटर भरेल. पण एखाद्या मुंगीला फक्त छापील रेषांवरूनच चालायचे बंधन घातले, तर समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिला २० सेंटिमीटर चालावे लागेल. चौकटी निम्म्या करा, पाव करा, अंतर २० च! जाळीला काही दिशा सोयीच्या असतात, काही गैरसोयीच्या. आपल्या अनुभवातल्या अवकाशाला अशी आवड-निवड नाही.

लाटेचे मात्र मुंगीसारखे नाही. तरंगलांबी चौकटीपेक्षा खूप मोठी असेल, तर लाटेला सर्व दिशा जवळजवळ सारख्याच. फरशीचे सांधे बैलगाडीच्या मोठ्या चाकाला जाणवत नाहीत, पण छोटी गोटी प्रत्येक सांध्यावर अडखळते, तसे हे आहे. म्हणून जाळी शोधायची तर अत्यंत आखूड तरंगलांबीचे, म्हणजेच अत्यंत मोठ्या ऊर्जेचे कण हवेत. असे कण निसर्ग फुकट पुरवतो: विश्वकिरण. त्यांतील काही कणांची ऊर्जा ५ वर १९ शून्ये इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे ८ जूल असते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना त्यात एवढी ऊर्जा असते. येथे ती एकाच अणुकेंद्रात सामावलेली!

२०१२ साली बीन, दाऊदी आणि सॅव्हेज या तीन शास्त्रज्ञांनी हाच हिशेब केला. इतक्या ऊर्जेचे कण आढळतात, त्या अर्थी चौकटीची बाजू मीटरच्या १ वर २७ शून्ये इतक्या भागांपैकी एका भागाहून मोठी असू शकत नाही. प्रोटॉनची रुंदी याच्या सुमारे लाख कोटी पट भरते. पुढे त्यांनी कसोटीही सांगितली: जाळी असेल, तर सर्वांत ऊर्जावान कण सर्व दिशांना सारखे वागणार नाहीत, जाळीच्या अक्षांची छाप त्यांच्यावर पडेल.

अर्जेंटिनातील पिएर ओझे वेधशाळा हेच कण टिपते. सुमारे ३,००० चौरस किलोमीटर माळरानावर तिने पाण्याच्या सोळाशेंहून अधिक टाक्या मांडल्या आहेत. २०१७ साली तिने जाहीर केले की, ८ वर १८ शून्ये इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे कण आकाशाच्या एका बाजूने थोडे अधिक येतात. सापडली का जाळी? नाही. घन चौकटींच्या जाळीने तीन अक्षांवर छाप उमटवायला हवी. हा कल एकाच बाजूचा आहे, आणि ती बाजू आपल्या आकाशगंगेच्या केंद्राची नाही. म्हणून हे कण दूरच्या दीर्घिकांतून येत असावेत, असा अर्थ लावला गेला.

मग संगणकाची गोष्ट खोटी ठरली काय? तेही नाही. कर्त्याने जाळी आणखी बारीक केली असेल, किंवा जाळी वापरलीच नसेल. माझे मत विचाराल तर, जाळीची कल्पना विज्ञानात बसते, कारण ती चुकू शकते. ‘कर्त्याने चूक लगेच दुरुस्त केली’ असा बचाव सुरू झाला की, तपासण्यासारखे काही उरत नाही.

खर्चाचा हिशेब मात्र तुम्हीच करा. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ च्या एका व्याख्यानात दाखविले की, पुंजयामिकीचे जग साध्या संगणकात बसवताना आकडे भराभर फुगतात. फक्त ३०० इलेक्ट्रॉन घ्या. प्रत्येकाच्या परिवलनाच्या दोन शक्यता. म्हणजे सर्वांची मिळून स्थिती लिहायला २ चा ३०० वा घात इतके आकडे. लघुगणकाच्या कोष्टकात २ चा लघुगणक ०.३०१० आहे. त्याला ३०० ने गुणा आणि उत्तर किती अंकी येते ते पाहा. दृश्य विश्वातील अणूंची संख्या सुमारे १ वर ८० शून्ये मानतात. तुमच्या उत्तराला त्या संख्येने भागायला विसरू नका.